घुमट आणि खूण

आपल्याकडे म्हणतात, माणसाला शेवटी साडेतीन हात जागा पुरे. उर्दूत हेच 'दो गज जमीन' म्हणून येते. दोन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात आणि त्या बोलणारे ती ऐकून मान डोलावतात. पण ज्याच्या हाती सत्ता आणि पैसा आला त्याला साडेतीन हात क्वचितच पुरले. कोणी पिरॅमिड रचला, कोणी घुमट चढवला, कोणी निदान संगमरवराचा कट्टा बांधून त्यावर नाव कोरले. हे सारे गर्वापोटी झाले असे म्हणून विषय मिटवता येतो. पण एवढ्या सहज तो मिटत नाही. गेलेल्या माणसासाठी दगड रचणे ही चूक आहे की कर्तव्य, आणि ते नक्की कोणासाठी असते, हा प्रश्न मागे उरतोच.

या प्रश्नाकडे मी दोन वाटांनी आले. एक वाट शाळेतली आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. इजिप्तला आमची मुले मिसर म्हणतात. पिरॅमिडचे चित्र फळ्यावर काढले की वर्गात शांतता पसरते, एरवी ती शोधून सापडत नाही. एका वर्षी आम्ही सहल मुरूडला नेली. जंजिऱ्याच्या आधी खोकरीचे घुमट दाखवले. त्यातला सर्वांत मोठा घुमट सिद्दी सुरूलखानाचा असून तो त्याने हयातीतच बांधून घेतला असे म्हणतात, हे सांगताच सातवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, अपनी कबर कोई खुद बनाता है क्या? और बनाई तो हमने क्यूं देखनी?" मुले हसली. मला मात्र त्या प्रश्नाचे दोन्ही भाग महत्त्वाचे वाटले. बांधणाऱ्याने का बांधावे, आणि आपण का पाहावे?

मिसरपासूनच सुरुवात करू. खुफू राजाचा गिझा येथील पिरॅमिड इसवी सनापूर्वी सुमारे २५६० च्या आसपास बांधला गेला. मूळची उंची सुमारे १४६ मीटर, दगड अंदाजे २३ लाख. जवळजवळ ३,८०० वर्षे माणसाने बांधलेली त्याहून उंच वास्तू जगात नव्हती. आपण त्याला गर्वाचे प्रतीक म्हणतो, पण त्या लोकांच्या समजुतीत डोकावले तर चित्र थोडे बदलते. देह टिकला तरच पुढचे जगणे शक्य, आणि राजाचे पुढचे जगणे नीट चालले तरच देशाचे नीट चालेल, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणजे पिरॅमिड हा त्यांच्या लेखी शोभेचा खर्च नव्हता, गरज होती. धरण बांधावे तसा तो बांधला गेला. श्रद्धा आपल्याला पटो वा न पटो, बांधणारा मनाने प्रामाणिक होता एवढे मान्य करायला हवे.

पण परिणाम काय झाला? खुफूचा देह आजवर सापडलेला नाही. कबर केव्हाच लुटली गेली. आणि ज्याने एवढा डोंगर उभा केला, त्याचीच हे खात्रीने सांगता येईल अशी संपूर्ण मूर्ती एकच मिळाली आहे. ती आहे हस्तिदंताची आणि तिची उंची आहे जेमतेम साडेसात सेंटिमीटर. १९०३ मध्ये अबायडॉस येथे उत्खनन करताना ती फ्लिंडर्स पेट्री यांना सापडली. एका बाजूला २३ लाख दगड, दुसऱ्या बाजूला बोटभर मूर्ती. राजाचा चेहरा आपण ओळखतो तो त्या बोटभर मूर्तीमुळे.

गिझाला आणखी एक गोष्ट सापडली, आणि मला ती पिरॅमिडहून मोठी वाटते. १९९० नंतरच्या उत्खननांत तिथे कामगारांची वस्ती आणि त्यांची कबरस्ताने उजेडात आली. भाकरीच्या भट्ट्या, बिअरचे रांजण आणि त्यांच्याजवळच मजुरांच्या व मुकादमांच्या मातीच्या विटांच्या छोट्या कबरी. गुलामांना चाबकाने हाकून पिरॅमिड बांधून घेतले, ही आपल्या डोक्यातली सिनेमाची गोष्ट त्यामुळे मागे पडली. पुढे हजारएक वर्षांनी, राजांनी पिरॅमिड बांधणे सोडले तेव्हा, देर अल मदिना या गावी राजांच्या कबरी कोरणाऱ्या कारागिरांनी आपल्या स्वतःच्या कबरींवर विटांचे लहान पिरॅमिड चढवले. जे एके काळी फक्त राजाचे होते ते कारागिराने आपल्या ऐपतीत आणले. मेल्यावर मातीच्या ढिगाहून काहीतरी जास्त असावे, ही इच्छा फक्त बादशहांची नसते. ती पाथरवटाचीही असते.

मग असे लोक आले ज्यांची मिसरच्या देवांवर श्रद्धा नव्हती, पण आकार मात्र हवा होता. रोममध्ये केयस सेस्टियस नावाच्या एका धनिकाचा पिरॅमिड आहे, सुमारे ३६ मीटर उंच. तो मृत्युपत्राप्रमाणे ३३० दिवसांत पुरा केल्याचे त्यावरच कोरले आहे. नेपोलियनने १७९८ मध्ये मिसरवर स्वारी केली, त्यानंतर युरोपातल्या सरदार-जमीनदारांत या आकाराचे वेडच पसरले. आजच्या पोलंडच्या उत्तरेला, रशियाच्या सीमेजवळ रापा नावाचे गाव आहे. तो मुलूख तेव्हा पूर्व प्रशियात होता. तिथल्या रानात फारेनहाइड या सरदार घराण्याने १८११ मध्ये पिरॅमिडच्या आकाराची कबर बांधली. ते ख्रिस्ती होते. फेरो मेल्यानंतर सूर्यदेवाकडे जातो, असे त्यांच्यापैकी कोणी मानत नसणार. मग त्यांनी तो आकार का घेतला?

त्या कबरीत पहिल्यांदा ठेवली गेली ती घराण्यातली तीन वर्षांची मुलगी, असे सांगितले जाते. हे वाचले तेव्हा माझ्या मनातला 'सरदारांचा तोरा' हा शब्द थोडा अडखळला. ज्याची तीन वर्षांची लेक तापाने जाते, तो बाप जगात सर्वांत जास्त काळ टिकलेली गोष्ट कोणती हे शोधतो आणि तिच्यासाठी तीच बांधतो. ही त्याची श्रद्धा नव्हे, हतबलता आहे. त्याला 'हे चूक आहे' असे सांगायला कोणाची जीभ रेटेल? आणि तरी पुढचे सत्य उरतेच. युद्धांच्या धामधुमीत ती कबर फोडली गेली, पेट्या उघडल्या गेल्या. दगडाने त्या मुलीला राखले नाही. कदाचित साध्या मातीने अधिक राखले असते, कारण मातीखाली काही लुटण्यासारखे आहे असे कोणाला वाटत नाही.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या धर्मात या बाबतीत फारशी संदिग्धता नाही. कबर पक्की करू नये, तिच्यावर इमारत उभी करू नये, असा हदीसमधला मनाईचा आशय मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. तरीही समरकंदपासून दख्खनपर्यंत मुसलमान बादशहांनी आणि सरदारांनी जेवढे घुमट बांधले तेवढे क्वचित कोणी बांधले असतील. ताजमहालाने आपली छाती फुगते आणि शेजारच्या कबरीवर कोणी फरशी बसवली तर आपण भुवया उंचावतो. हा विरोधाभास आपण सवयीने पचवला आहे. तो एकदा नीट पाहायला हवा.

खोकरीलाच पाहू. राजपुरीच्या खाडीजवळ तीन दगडी घुमट आहेत. मोठा सिद्दी सुरूलखानाचा. तो १७०७ ते १७३४ पर्यंत जंजिऱ्याचा प्रमुख होता. धाकटे दोन सिद्दी कासम ऊर्फ याकूतखान आणि त्याचा भाऊ खैरियतखान यांचे. याच याकूतखानाने १६८९-९० मध्ये मुंबईतल्या इंग्रजांना किल्ल्यात कोंडून ठेवले होते. या घुमटांच्या देखभालीसाठी जंजिऱ्याच्या नवाबांनी सावली-मिठागर या गावाचे उत्पन्न लावून दिले होते आणि दर जुम्मेरातीला तिथे कुराण पठण होत असे, अशी जुन्या गॅझेटियरची नोंद आहे. म्हणजे एका गावच्या शेतकऱ्यांच्या घामातून तीन मेलेल्या माणसांच्या दिव्यात तेल पडत होते. यात अन्याय आहे असे माझे एक मन म्हणते.

दुसरे मन थोडे थांबते. हे सिद्दी कुठून आले होते? हबशाणातून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून. ज्या हबशाणातून निळी नाईल निघून मिसरला जाते, तिथलीच ही माणसे. कोणी खलाशी म्हणून आले, कोणी शिपाई म्हणून, आणि पुष्कळजण विकले जाऊन आले. ज्याला लहानपणी बाजारात उभे केले गेले, त्याला बापजाद्यांची कबर कुठे आहे हे सांगता येत नाही. अशा माणसाच्या घराण्याने कोकणच्या किनाऱ्यावर काळ्या दगडाचा घुमट उभा केला, तर तो केवळ तोरा असेल का? 'आम्ही इथे आलो, इथे राहिलो, इथल्याच मातीत आहोत', असे सांगण्याची ती रीत असेल. ज्यांचे घर हिरावून घेतले जाते त्यांना कबर हा पहिला कायमचा पत्ता वाटू शकतो. बेघर माणसाच्या कबरीची आस आणि तृप्त माणसाच्या कबरीची हौस एकाच तराजूत तोलणे मला बरोबर वाटत नाही.

तरीही हा पत्ता टिकतोच असे नाही. अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, डोंगरावर अष्टकोनी तीन मजली वास्तू आहे. निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची ती कबर. दुरून दिसावी म्हणूनच जणू डोंगरमाथा निवडलेला. आणि ती दिसतेही, मैलोगणती दिसते. पण तिला लोक काय म्हणतात? चांदबिबीचा महाल! ज्याने बांधली त्याचे नाव पुसले गेले आणि लोकांना जिच्याबद्दल जिव्हाळा होता तिचे नाव चिकटले. दगड वजिराचा, आठवण राणीची. लोकांचे मन कोणत्याही वजिराचा हुकूम मानत नाही.

उलट टोक पाहायचे तर खुलदाबादला जावे. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला मरण पावला आणि शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याला दफन केले गेले. वर छत नाही, घुमट नाही, मध्ये माती. भोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकात बसवली गेली. ज्याच्या बापाने ताजमहाल बांधला त्याने स्वतःसाठी उघडी माती मागितली. त्याच्या कारकिर्दीबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते, पण कबरीच्या बाबतीत तो आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहिला. आणि तरी त्या साध्या मातीलाही शांतता मिळाली नाही. मार्च २०२५ मध्ये याच कबरीवरून नागपुरात दंगल झाली, संचारबंदी लागली. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या मातीवरून आज जिवंत असलेल्यांची दुकाने आणि गाड्या जळाल्या. म्हणजे घुमट बांधला म्हणून नाव राहत नाही आणि घुमट टाळला म्हणून मागचे वाद टळत नाहीत. माणसाचा हिशेब त्याच्या कबरीत लिहिलेला नसतो. तो त्याच्या कामात आणि आपल्या मनात असतो.

मग कबरीला काहीच नको, ती सपाट होऊन जाऊ द्यावी, असे म्हणायचे का? इथे मला बहादूरशाह जफर आठवतात. ७ नोव्हेंबर १८६२ रोजी ते रंगूनला कैदेत वारले. इंग्रजांनी त्यांना घाईने पुरले आणि जागा ओळखू येऊ नये अशी व्यवस्था केली. नेमकी कबर कुठे आहे हे सव्वाशेहून अधिक वर्षे कोणाला सांगता येत नव्हते. १९९१ मध्ये खोदकाम करताना ती सापडली. इंग्रजांनी तिथे घुमट तर नाहीच, साधी खूणही राहू दिली नाही. याचा अर्थ उघड आहे. खूण नाकारणे ही शिक्षा असते. माणूस होता हेच पुसून टाकायचे असेल तर त्याची कबर सपाट करतात. साधेपणा आणि पुसून टाकणे यांत फरक आहे. आपण साधेपणाच्या नावाखाली कधी कधी दुसरेच करून बसतो.

आता घरातली वाट. आमचे मूळ गाव श्रीवर्धन तालुक्यात. अब्बांनी उमेदीची तीस वर्षे जहाजावर काढली आणि शेवटची गावात. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मी लग्नानंतर खांदा कॉलनीत राहते. फोन आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. आम्ही पळस्प्यावरून गोवा हायवेला लागलो आणि पोहोचलो तेव्हा जनाजा उठायच्या बेतात होता. मय्यतीचे तोंड पाहायला मिळाले, एवढेच. पुढे पुरुष गेले, आम्ही बायका ओटीवर बसून राहिलो.

कोकणात कबर मातीची असली की दोन पावसाळ्यांत ती दिसेनाशी होते. माती धुपते, गवत माजते. दुसऱ्या वर्षी घरात वाद झाला. थोरला भाऊ दोह्याला असतो. त्याने सांगितले, अब्बांची कबर पक्की करू, संगमरवर बसवू, नाव आणि तारीख उर्दूत कोरू, पैसे मी पाठवतो. धाकटा गावात असतो. त्याने ठाम नकार दिला. हे जायज नाही, आणि आमच्या जमातीचाही नियम आहे की पक्की कबर करायची नाही, कारण जागा कमी आहे. थोरला म्हणाला, तू रोज तिथून जातोस, तुला काय! मी चार वर्षांनी येणार आणि गवतात उभा राहून कोणत्या ढिगाकडे तोंड करून फातेहा देणार? दोघांचेही मला पटत होते. परदेशातल्या मुलाची तळमळ खरी होती आणि गावातल्या मुलाचा विचारही. मुंबईसारख्या शहरात काही वर्षांनी तीच जागा उकरून दुसऱ्याला दफन करावे लागते. तिथे प्रत्येकाने संगमरवराचा कट्टा बांधला तर पुढच्या मेलेल्याने जायचे कुठे? गेलेल्याची कायमची जागा म्हणजे येणाऱ्याची हिसकावलेली जागा, हा हिशेब नाकारता येत नाही.

वाद अम्मीने मिटवला. ती म्हणाली, "मला मार्बल नको. पण रस्त्यावरून जाताना, ते तिथे आहेत, एवढे मला दिसले पाहिजे." आमच्या कबरस्तानाला जांभ्याचा गडगा आहे, कंबरेएवढा. ती बाजारात जाताना त्या गडग्यापाशी क्षणभर थांबते. आत जात नाही. गवत वाढल्यापासून तिला कबर ओळखता येत नव्हती आणि हे तिने आम्हाला सांगितलेही नव्हते.

यातून मला जो फरक कळला तो मी आता वर्गातही सांगते. खूण वेगळी आणि इमारत वेगळी. हदीसमध्ये जशी बांधकामाची मनाई आहे तशीच एक हकिकतही आहे. उस्मान बिन मजऊन यांच्या दफनानंतर पैगंबरसाहेबांनी स्वतः एक दगड उचलून त्यांच्या डोक्याशी ठेवला, आपल्या या भावाची कबर ओळखता यावी म्हणून. तो दगड हा पुरावा आहे की विसरणे हा काही धर्म नव्हे. खूण सांगते, 'इथे कोणीतरी आहे.' इमारत सांगते, 'मी कोण होतो ते पाहा.' खूण मागे राहिलेल्यांची गरज भागवते. इमारत गेलेल्याच्या वतीने काहीतरी मागते, जागा, पैसा, नजर. कबर खुणेची मर्यादा ओलांडते केव्हा, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. शेजारच्या कबरीवर तिची सावली पडू लागली की ती ओलांडली समजावी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सगळ्यांनी नुसत्या खुणा ठेवल्या असत्या तर आज मुलांना दाखवायला खोकरी कुठून आणली असती? इतिहासाची शिक्षिका घुमटांविरुद्ध कशी बोलते? माझे उत्तर असे की नवे बांधणे आणि जुने जपणे हे दोन निराळे प्रश्न आहेत. सुरूलखानाने घुमट बांधला ती त्याची आणि त्याच्या रबची बाब झाली. तीनशे वर्षांनंतर तो घुमट त्याचा उरलेला नाही. ज्या पाथरवटांनी तो रचला, ज्या गावाच्या वसुलीवर त्याचा दिवा जळला, त्या सर्वांची ती आठवण आहे. पाथरवटांची नावे कोणी कोरली नाहीत, पण त्यांचा हात मात्र दगडात शिल्लक आहे. तो पाडणारा सुरूलखानाला शिक्षा करत नाही, त्या पाथरवटाला दुसऱ्यांदा मारतो. २०१२ मध्ये मालीतल्या तिंबक्तू शहरात अतिरेक्यांनी धर्माच्या नावाने वलींच्या जुन्या कबरी पाडल्या. गावच्या गवंड्यांनी २०१५ पर्यंत त्या पुन्हा उभ्या केल्या, आणि २०१६ मध्ये पाडणाऱ्यांपैकी एकाला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नऊ वर्षांची शिक्षा दिली. श्रद्धा साधी असावी हे मला मान्य आहे. पण साधेपणा हातोडीने लादता येत नाही.

मुंबईशी नाते असलेल्या एका घराण्याची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. पहिले आगाखान १८८१ मध्ये वारले, त्यांची कबर माझगावला हसनाबाद येथे आहे. त्यांचे नातू तिसरे आगाखान. पुण्याचा आगाखान पॅलेस त्यांनी १८९२ मध्ये बांधला, तो दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून, असे सांगितले जाते. १९५७ मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मिसरमध्ये अस्वानला, नाईलच्या पश्चिम तीरावर दफन केले गेले. तिथल्या टेकडीवर फातिमी वळणाची त्यांची कबर उभी आहे. त्याच तीरावर जवळच फेरोंच्या अधिकाऱ्यांच्या खडकात खोदलेल्या कबरी आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे नातू चौथे आगाखान यांनाही अस्वानलाच नेले गेले. त्या इमारतीची कमान कशी आणि दगड कोणता, हे फार थोड्यांना आठवते. पण बेगम तिथे रोज एक लाल गुलाब ठेववत असत, ही गोष्ट ऐकलेला माणूस ती विसरत नाही. मोठी इमारत असूनही लक्षात राहिली ती एका फुलाची खूण.

आणि इमारतच बांधायची असेल तर मलिक अंबरकडे पाहावे. हबशाणात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादमार्गे हातोहात दख्खनेत आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला. १६२६ मध्ये तो वारला. खुलदाबादला त्याचा घुमट आहे, पण तो पाहायला जाणारे थोडे. त्याने १६१० मध्ये वसवलेल्या खडकी शहरासाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादसाठी आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून आणणारी नहर मात्र शतकानुशतके लोकांची तहान भागवत राहिली. नहर-ए-अंबरी या नावातच तो राहिला. माणसाचे अमल मरणाबरोबर थांबतात, फक्त चालू राहणारा सदका, उपयोगी पडणारे इल्म आणि दुआ करणारी नेक संतान एवढे सुरू राहते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नहर हा त्याचा चालता बोलता अर्थ आहे. पाणी पिणाऱ्याला अंबर कोण होता हे ठाऊक नसले तरी बिघडत नाही. स्मारकाला पाहणारा लागतो. नहरीला तो लागत नाही.

आमच्या घरी शेवटी असे ठरले की अब्बांच्या उशापायथ्याशी जांभ्याचे दोन दगड ठेवायचे आणि कडेला एक चाफा लावायचा. थोरल्याने संगमरवरासाठी काढलेले पैसे गावच्या शाळेत पाण्याची टाकी आणि नळ बसवायला दिले. तो पूर्ण राजी आहे असे मी म्हणणार नाही. अजूनही फोनवर कधीतरी तो म्हणतो, नाव तरी कोरायला हवे होते. त्याच्या दुःखाचे समाधान टाकीने झालेले नाही, आणि व्हावेच असा आग्रह धरणारी मी कोण? दुःख फतव्याने मिटत नाही आणि हिशेबानेही मिटत नाही. रापाच्या त्या बापाचेही मिटले नसेल.

एक प्रश्न मात्र माझ्यापाशी तसाच उरला आहे आणि तो मी वाचकांपुढे ठेवते. खूण जर मागे राहिलेल्यांसाठी असेल, तर मागे राहिलेल्यांत आम्ही बायका येतो की नाही? कबरींच्या जियारतीला आधी मनाई होती आणि नंतर पैगंबरसाहेबांनी ती उठवली, कारण तिथे गेल्याने आखिरत आठवते. ही मोकळीक स्त्रियांनाही आहे की नाही यावर उलेमांत पहिल्यापासून मतभेद आहेत. मी आलिमा नाही, फैसला देणे माझे काम नाही. पण मी मुलींचा वर्ग घेऊन सुरूलखानाच्या कबरीपाशी उभी राहू शकते. उद्या मिसरला गेले तर तिकीट काढून खुफूच्या दफनगृहात जाऊ शकते. माझ्या अब्बांपर्यंत मात्र मला गडग्याच्या अलीकडूनच पाहावे लागते. मरणाची आठवण जर औषध असेल, तर ते अर्ध्या घरालाच का द्यायचे, याचा विचार आपल्या जमातींनी शांतपणे करावा. त्यासाठी एकही दगड रचावा लागणार नाही. गडग्याचे फाटक तेवढे उघडे ठेवावे लागेल.